ताई-ची क्लब चालवायचा म्हणजे काय?



राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली ब्रिटनमध्ये शिकायला जातात. जाण्याआधी आई-वडील आमच्याकडे येतात. थंडीचे कपडे किती न्यावेत, मसाला किती द्यावा, पोरगी आजारी पडली तर कोण बघणार, असं विचारतात. आम्ही त्यांना उलटे दोन प्रश्न विचारतो. तिथं ती रोज अंग किती हलवणार? आणि आठवड्यात जीव लावून बोलणार कुणाशी? दोन्ही प्रश्न आरोग्याचेच आहेत. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. खोली, ग्रंथालय आणि परत खोली एवढंच राहिलं, तर धडधाकट पोरगंही महिनाभरात कोमेजतं.

यावर तिथल्या विद्यापीठांत एक साधी सोय असते, ती म्हणजे विद्यार्थ्यांचे क्लब. क्रिकेटपासून बुद्धिबळापर्यंत शेकडो. त्यांतल्या एकाबद्दल हा पाठ आहे: ताई-ची क्लब. (नाव ऐकून ‘कुणाच्या ताईची?’ असं विचारू नका, शब्द चिनी आहे.) या क्लबाला मैदान लागत नाही, महाग बूट लागत नाहीत, आधी खेळाडू असावं लागत नाही. क्लब कसा उभा राहतो, कशानं टिकतो आणि कशानं बंद पडतो, हे समजून घेऊ. तिकडे जाणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडेलच. घरात म्हातारी माणसं असतील तर शेवटचा भाग त्यांना वाचून दाखवा.

ताई-ची म्हणजे काय?

पूर्ण नाव ताई-ची-च्वान. शेवटच्या ‘च्वान’चा अर्थ मूठ. म्हणजे मुळात ही हातघाईची, लढण्याची कला. आज मात्र बहुतेक लोक ती व्यायाम म्हणून करतात. गुडघे थोडे वाकवून, पाठ सरळ ठेवून, एका पायावरचा भार सावकाश दुसऱ्या पायावर न्यायचा आणि त्याच्या जोडीनं हात, कंबर, नजर फिरवायची. एक हालचाल संपते तिथूनच दुसरी सुरू होते. मध्ये थांबा नाही, झटका नाही.

ही कला कुण्या डोंगरातल्या सिद्धपुरुषानं साप आणि पक्ष्याची झुंज पाहून शोधली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणून ऐकावी. इतिहासाचा माग मात्र चीनच्या हनान प्रांतातल्या चेन्-च्या-कौ या खेड्यापर्यंत जातो. सतराव्या शतकात तिथल्या चेन् वांग-थिंग या माणसाच्या घराण्यात ही विद्या होती. एकोणिसाव्या शतकात यांग लू-छान (१७९९-१८७२) हा बाहेरचा माणूस त्या खेड्यात ती शिकला आणि त्यानं ती बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग छंग-फू (१८८३-१९३६) यानं ती संथ आणि मोकळ्या हालचालींची केली आणि सर्वसामान्यांना शिकवली. घराण्याच्या भिंतीआड राहिलेली विद्या अशी चौकात आली. आज चेन्, यांग, सुन् आणि दोन निरनिराळे वू असे पाच मुख्य प्रकार मानतात.

१९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं यांग प्रकारातून २४ हालचालींचा एक छोटा संच तयार करून घेतला. तो करायला पाच-सहा मिनिटं लागतात. जगभरच्या बहुतेक नवशिक्यांच्या वर्गात हाच संच शिकवतात. हालचालींची नावं गमतीदार आहेत. ‘पांढरा क्रौंच पंख पसरतो’, ‘ढगांसारखे हात’. नावामुळे हालचाल लक्षात राहते. २०२० साली युनेस्कोनं ताई-चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

शरीराला काय मिळतं, काय मिळत नाही

आपला तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाच्या तळव्यांना होणारी जाणीव. या तिन्हींकडून खबर मेंदूत जाते आणि मांडी, पोटरी, घोट्याचे स्नायू शरीर सावरतात. वय वाढलं की नजर कमी होते. जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात. बसून बसून मांडीचा स्नायू झिजतो. मग मोरीच्या ओल्या फरशीवर पाय सरकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हातारं माणूस बिछान्याला खिळलं, की बेडसोर आणि न्यूमोनिया मागोमाग येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. पडणं हे नशीब नाही. ते पुष्कळ अंशी टाळता येतं.

ताई-चीची परीक्षा इथंच झाली. अमेरिकेत अटलांटा इथं सत्तरी गाठलेल्या २०० माणसांवर अभ्यास झाला. तो १९९६ साली छापून आला. १५ आठवड्यांच्या ताई-चीनंतर पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी दिसला. २०१८ साली ओरेगॉन राज्यातल्या ६७० वृद्धांचा अभ्यास आला. सगळे आधी पडलेले किंवा पडण्याच्या बेतातले. सहा महिने, आठवड्यातून दोनदा व्यायाम. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. वेगवेगळे व्यायाम मिळून करणाऱ्यांपेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. २०१६ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांची ताई-ची आणि फिजिओथेरपी यांचा फायदा जवळजवळ सारखाच निघाला.

आता दुसरी बाजू. हे अभ्यास बहुतेक म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांवरचे आहेत. विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्याला काय मिळतं? अंग मोकळं होतं, मांड्यांना बळ येतं, तासभर फोन खिशात राहतो आणि दहा माणसं नावानं ओळखू लागतात. मनावरचा ताण हलका होतो असं सांगणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. म्हणून छातीठोकपणे बोलू नये. आणि वर सांगितलेले आकडे आठवड्यातून दोनदा, महिनोन्महिने केल्याचे आहेत. आठवड्यातून एकदा वर्गाला जाऊन खोलीत काहीच केलं नाही, तर तेवढ्या फायद्याची आशा धरू नका.

ताई-चीनं शुगर बरी होत नाही, बीपीची गोळी सुटत नाही, कॅन्सर जात नाही. ‘अंगातली ऊर्जा वाढवून रोग घालवतो’ असं म्हणणारा शिक्षक भेटला तर त्याला शांतपणे विचारा: कुठल्या तपासणीत दिसलं? उत्तर मिळालं नाही तर हालचाल शिका, बाकीचं सोडून द्या.

क्लब उभा कसा राहतो?

ब्रिटनमधल्या प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी-संघ असतो. तिथं नाव घातलं की विद्यार्थी आपोआप त्याचा सभासद होतो. नको असेल तर बाहेर राहण्याचा हक्कही असतो. १९९४ च्या शिक्षण कायद्यात एक महत्त्वाची अट आहे. संघानं क्लबांना पैसे आणि साधनं कशी वाटायची याची पद्धत न्याय्य असली पाहिजे, लेखी असली पाहिजे आणि कुठल्याही विद्यार्थ्याला ती पाहता आली पाहिजे. म्हणजे मदत ही मेहेरबानी नाही. तो लेखी नियमातला हक्क आहे. आपल्या मुलांनी तो नियम मागून घ्यावा, वाचावा आणि त्याच्या आधारानं अर्ज करावा.

आधीच क्लब असेल तर त्यात जावं. नसेल तर साधारण अशी पायरी असते: ठरावीक संख्येनं विद्यार्थ्यांच्या सह्या, क्लबाची छोटी घटना आणि तीन पदाधिकारी. हे तिघं अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार. घटना म्हणजे पान-दोन पानांचा कागद. क्लब कशासाठी, सभासद कोण होऊ शकतो, निवडणूक कधी, पैशावर सही कुणाची, क्लब बंद पडला तर उरलेले पैसे कुठं जाणार, एवढं त्यात स्पष्ट लिहावं. भांडण झाल्यावर घटना लिहायला बसलं तर ती भांडणाच्याच शाईनं लिहिली जाते.

त्यानंतर तीन गोष्टी जुळवाव्या लागतात.

पहिली, जागा. लाकडी किंवा न घसरणारी सपाट जमीन, खांबांचा अडथळा नाही, प्रत्येकाला दोन्ही हात पसरून एक पाऊल चारी बाजूंना टाकता येईल एवढी मोकळीक. जागा दर आठवड्याला तीच आणि वेळही तीच असावी. नवा माणूस एकदा बंद दारावरून परत गेला की पुन्हा येत नाही.

दुसरी, शिक्षक. ‘टाय ची युनियन फॉर ग्रेट ब्रिटन’ ही तिथल्या शिक्षकांची संघटना आहे. तिच्या यादीत जवळचा शिक्षक शोधता येतो. त्याला चार गोष्टी विचाराव्यात: किती वर्षं शिकवता, कुणाकडे शिकलात, विमा आहे का, आणि प्रथमोपचार येतात का? विमा नसेल तर पुढचं बोलणं थांबवावं.

तिसरी, धोक्यांचा तक्ता. संघ हा कागद मागतोच. कुठं घसरू शकतं, कुणाला घेरी येऊ शकते, दार कुठल्या बाजूला उघडतं, प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे, रुग्णवाहिका बोलवायची तर खोलीचा पत्ता काय सांगायचा? ब्रिटनमध्ये तातडीचा नंबर ९९९ आणि सल्ल्यासाठी १११. हा कागद नुसता सही करून देऊ नये. वॉर्डातही आम्ही हेच पाहिलं आहे. पेटी कुठं आहे हे एकट्यालाच माहीत असेल, तर नेमक्या त्याच दिवशी तो रजेवर असतो.

एक सावधगिरी व्हिसाची. आपल्या मुलाला किंवा मुलीला ताई-ची, योग किंवा कराटे चांगलं येत असलं, तरी विद्यार्थी-व्हिसावर स्वतःचा स्वतंत्र धंदा करता येत नाही. डिग्रीच्या विद्यार्थ्याला शिकवणीच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. खेळाच्या प्रशिक्षकाच्या कामावरही बंधनं आहेत. म्हणून पैसे घेऊन कुणालाही शिकवायच्या आधी विद्यापीठाच्या व्हिसा-सल्ला कक्षात विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

पैशाचा हिशोब

आकडे समजायला सोपे म्हणून धरू. समजा शिक्षक एका वर्गाचे ३५ पौंड घेतो. सत्रात १० वर्ग म्हणजे ३५० पौंड. पत्रकं आणि किरकोळ २० पौंड. जागा संघाची, फुकट. एकूण खर्च ३७० पौंड.

‘येईल त्यानं दर वर्गाला २ पौंड द्यावेत’ असं ठरवलं तर पहिल्या आठवड्यात २५ जण येतात आणि ५० पौंड जमतात. सगळे खूश. आठव्या आठवड्यात परीक्षा जवळ येते, पाऊस असतो, नऊ जण येतात. जमले १८ पौंड. शिक्षकाला द्यायचे ३५. वर्गाला १८ जण आले तरच शिक्षकाचे पैसे निघतात.

म्हणून सत्राचं शुल्क एकदाच घ्यावं. पण शुल्क ठरवताना आणखी एक गोष्ट आधीच धरावी: तीन जागा माफीच्या. १५ पौंडांप्रमाणे २५ जणांचे ३७५ होतात आणि खर्च निघतो. पण तिघांना माफी दिली तर २२ जणांचे ३३० होतात आणि ४० पौंडांचा खड्डा पडतो. शुल्क १८ पौंड ठेवलं तर २२ जणांचे ३९६ होतात, खर्च निघून २६ उरतात. माफी कुणाला दिली हे फक्त खजिनदाराला माहीत असावं. ‘ज्याला अडचण आहे त्यानं हात वर करा’ असं म्हटलं की कुणीही हात वर करत नाही, तो माणूस गुपचूप येणं बंद करतो. हे आपल्याला सांगायला नको.

पहिला वर्ग नेहमी फुकट. हिशोबाची वही दर सत्राच्या शेवटी सगळ्यांपुढे उघडावी.

पहिले चार आठवडे

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नव्या विद्यार्थ्यांचा मेळा भरतो. शेकडो टेबलं, शेकडो क्लब. ताई-चीच्या टेबलामागे बसून राहण्यात अर्थ नसतो. दोघांनी टेबलासमोर सावकाश हालचाल करत राहावं. गर्दीत धावणारा माणूस संथ हालचाल बघून थांबतो. थांबला की नाव लिहून घ्या आणि ‘बुधवारी सहा वाजता, अमुक खोली’ असं लिहिलेली चिठ्ठी हातात द्या.

मेळ्यात नाव लिहिणारे सगळे येत नाहीत. पहिल्या वर्गाला येणारे सगळे टिकत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला मोठी गळती लागते. कारण उघड आहे. पहिल्या दिवशी हालचाल सोपी वाटते, तिसऱ्या आठवड्यात हात आठवला तर पाय विसरतो आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. यावर तीन उपाय आहेत.

शिक्षकानं एका वर्गात एकच नवी हालचाल द्यावी. एका सत्रात २४ हालचाली उरकण्याचा अट्टाहास नको. पाच-सहा जमल्या तरी पुष्कळ.

जुन्या सभासदांनी वर्गाच्या चारी कोपऱ्यांत उभं राहावं. संच करताना सगळे वळतात. पुढच्या रांगेतला माणूस अचानक शेवटचा होतो आणि त्याला समोर बघायला कुणी राहत नाही. चारी कोपऱ्यांत जाणकार असला की कुठंही वळा, समोर कुणीतरी दिसतो.

आणि सलग दोन वर्ग चुकवलेल्याला चिटणिसानं संदेश पाठवावा. ‘का आला नाहीस?’ असा नको. ‘तब्येत बरी आहे ना? बुधवारी मागचंच पुन्हा घेणार आहोत’ असा. मागे पडल्याची लाज गेली की माणूस परत येतो. कधी कधी या संदेशामुळेच कळतं की पोरगं चार दिवस खोलीबाहेर पडलेलं नाही. अशा वेळी क्लबानं डॉक्टर व्हायचं नाही. त्याला सोबत घेऊन विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा जीपीकडे, म्हणजे तिथल्या कौटुंबिक डॉक्टरकडे जायचं. सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणारा विद्यार्थी व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरतो. त्यामुळे जीपीला भेटायचे वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ते करायला मुलांना सांगा.

एका तासाची आखणी

पाच मिनिटं हजेरी आणि एकच प्रश्न: आज कुणाला काही दुखतंय का? दहा मिनिटं मान, खांदे, कंबर, घोटे सैल करणं. दहा मिनिटं नुसतं उभं राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणं. हे कंटाळवाणं वाटतं, पण सगळा पाया इथं आहे. पंचवीस मिनिटं जुन्या हालचालींची उजळणी आणि एक नवी हालचाल. पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून, न बोलता, येतं तेवढं सलग करणं. शेवटची पाच मिनिटं अंग सैल सोडणं आणि सूचना. मग ज्याला थांबायचं त्यानं चहाला थांबावं. हा चहा वर्गाइतकाच महत्त्वाचा. तिथल्या बऱ्याच क्लबांची बैठक दारूच्या दुकानात होते. न पिणारा आणि काटकसरीनं राहणारा विद्यार्थी त्यातून आपोआप बाहेर पडतो. चहाला मात्र सगळ्यांना बसता येतं.

दुखापत टाळायची

ताई-ची संथ आहे म्हणून निर्धोक आहे असं नाही. सगळ्यात जास्त जपायचा तो गुडघा. नियम दोन. वाकलेला गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहावा, आत पडू नये आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. आणि वळताना पाय जमिनीत रोवून गुडघा पिळायचा नाही. आधी भार काढून पाऊल फिरवायचं, मग कंबर वळवायची. खाली जास्त बसलं म्हणजे जास्त चांगलं असं काही नसतं. दुखेल तिथं उंच उभं राहावं. श्वास रोखू नये, नेहमीसारखा चालू द्यावा.

नुकतंच ऑपरेशन झालेलं, छातीत दुखणं, वारंवार घेरी, हाडं ठिसूळ झालेली किंवा बाळंतपण जवळ आलेलं असेल, तर आधी डॉक्टरला विचारून मगच वर्गाला यावं.

ताई-चीत दोघांनी समोरासमोर उभं राहून हात भिडवून तोल जोखण्याचा एक सराव असतो. त्याआधी विचारणं बंधनकारक ठेवावं. शिक्षकानंही हालचाल सुधारण्यासाठी अंगाला हात लावण्याआधी विचारावं. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. मुलींनी याबाबत गप्प बसू नये. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव क्लबाच्या पहिल्याच पत्रकावर असावं आणि ती व्यक्ती शिक्षकापेक्षा वेगळी असावी. न विचारता कुणाचा व्हिडिओ काढू नये.

क्लब मरतो तो मे महिन्यात

विद्यापीठातला क्लब भांडणानं क्वचितच मरतो. तो बहुधा निरोप समारंभात मरतो. जो सगळं सांभाळत होता तो पदवी घेऊन जातो. शिक्षकाचा नंबर त्याच्या फोनमध्ये, पासवर्ड त्याच्या डोक्यात, जागा राखून ठेवायची तारीख त्यालाच माहीत. सप्टेंबरात नवे विद्यार्थी येतात तेव्हा टेबलावर कुणीच नसतं.

उपाय साधा आहे. निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी. मे महिन्यापर्यंत जुन्या-नव्यांनी शेजारी शेजारी काम करावं. अध्यक्ष शक्यतो असा निवडावा ज्याचं अजून एक तरी वर्ष शिल्लक आहे. आपली बरीच मुलं एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाला जातात. सप्टेंबरात येतात आणि पुढच्या सप्टेंबरच्या आत संपतं. त्यांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नये, कारण पुढचं वर्ष नसतंच. ऑक्टोबरातच एक छोटं काम अंगावर घ्यावं. हजेरीची वही चालेल, चहाची व्यवस्था चालेल. कामामुळे माणसाला त्या जागी हक्कानं उभं राहता येतं.

आणि एक सुपूर्दीची वही ठेवावी. तिच्यात असावं: शिक्षकाचा पत्ता आणि ठरलेला दर, जागेचा अर्ज कधी आणि कुणाकडे, खात्याची शिल्लक, संघाचा नियम, धोक्यांचा तक्ता, आणि एक पान ‘काय केलं आणि जमलं नाही’ याचं. हे शेवटचं पान सगळ्यात मोलाचं. ते नसलं तर दर तीन वर्षांनी नवे लोक तोच दर-वर्गाला-दोन-पौंडांचा प्रयोग करून त्याच खड्ड्यात पडतात.

घरच्या म्हाताऱ्यांसाठी

आपल्या घरात ताई-चीचा शिक्षक येणार नाही. पण तिच्यातलं तत्त्व, सावकाश भार बदलणं, घरी करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ६५ वर्षांपुढच्या माणसांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. फरशी कोरडी, पायांत सैल चप्पल नाही, शेजारी घरातलं एक माणूस आणि धरायला ओटा किंवा जड खुर्ची. एवढी तयारी असली की सुरुवात करा.

एक. ओट्याला दोन्ही हातांनी धरून पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहा. चार आकडे मोजत भार उजव्या पायावर न्या, चार आकडे मोजत डाव्यावर. पाय उचलायचा नाही. दहा वेळा.

दोन. एका हातानं ओटा धरून एक पाऊल पुढं टाका. आधी टाच टेकवा, मग तळवा, मग भार द्या. त्याच क्रमानं मागे या. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा.

तीन. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल. पाच वेळा. हे ताई-चीतलं नाही, पण मांडीला बळ देतं, आणि मांडीच पडता पडता सावरते.

घेरी आली, छातीत भरून आलं, दम लागला किंवा सांधा टोचला तर लगेच बसायचं आणि दवाखान्यात दाखवायचं. गोळ्या चालू ठेवायच्या. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीनं तोल जातो असं वाटलं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगा. शुगर असणाऱ्यांनी रोज रात्री तळवे बघायचे. आणि मोरीबाहेर एक खरखरीत पायपुसणं आजच टाका.

दोन-तीन घरच्या आजी एकत्र जमल्या तर आणखी बरं. वार ठरवा, वेळ ठरवा, वहीत हजेरी लिहा. जी आली नाही तिच्या दारावर जाऊन विचारा, ‘बरं आहे ना?’